पर्यटकांच्या करातून पालिकेला काय करता येतं? हॉटेलवरचा कर, प्रवासी कर आणि खर्चाचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत दोन रात्री हॉटेलात काढलेल्या पाहुण्याने भरलेला कर रस्त्याला, शौचालयाला, चौपाटीच्या सफाईला लागतो का, हा प्रश्न हॉटेलवाले विचारतात, नगरसेवक विचारतात आणि गेटवेच्या आसपास राहणारे तर वैतागून विचारतात. उत्तर द्यायचं तर आधी पैसे कुठल्या कायद्याने, कुणाच्या तिजोरीत येतात ते पाहावं लागतं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मुंबई महापालिका हॉटेलात उतरणाऱ्यांकडून मुक्कामाचा कर घेते का?

नाही. मुंबईत मुक्कामावर पालिकेचा वेगळा कर नाही. बिलावर दिसतो तो जीएसटी. पालिका हॉटेलमालकाकडून मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क घेते. ते तो भाड्यात धरतो, पण पाहुण्याच्या बिलावर ते कुठे लिहिलेलं नसतं.

मग बिलावरच्या कराचे पैसे नेमके कुठे जातात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. या दरात हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यावरच्या खोलीला १८ टक्के. दर ठरतो तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर, दाराआड लावलेल्या दरपत्रकावर नाही. म्हणजे ८,००० ची खोली घासाघीस करून ७,००० ला मिळाली, तर कर ५ टक्केच.

दादरच्या एखाद्या लॉजची ४,००० रुपयांची खोली घ्या. कर २०० रुपये. त्यातले १०० केंद्राचे, १०० राज्याचे. अंधेरीतल्या ९,००० च्या खोलीवर १,६२०: ८१० केंद्राला, ८१० राज्याला. मुक्कामाच्या सेवेचं ठिकाण जिथे इमारत तिथेच धरतात, त्यामुळे पाहुणा नागपूरचा असो की दिल्लीचा, राज्याचा वाटा महाराष्ट्राचाच. (दिल्लीच्या कंपन्यांचे लेखापाल इथे हमखास अडतात. दिल्लीच्या नोंदणीवर महाराष्ट्राच्या कराचं क्रेडिट मिळत नाही.)

राज्याचा वाटा राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून पुढे तो खोलीचा कर राहत नाही. साबणावरचा कर, सिमेंटवरचा कर, सगळं एकत्र होतं आणि अर्थसंकल्पातून वाटलं जातं. ‘मुंबईच्या हॉटेलांचे’ म्हणून कुठलंही वेगळं खातं नाही.

पूर्वी लक्झरी टॅक्स होता. तो तरी पालिकेला मिळायचा ना?

नाही, तोही राज्याचाच होता. १९८७ च्या राज्य कायद्याने तो लॉजिंगवर घेतला जायचा आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला.

पालिकेला जीएसटीची भरपाई मिळते असं ऐकतो. मग त्यात हॉटेलांचा हिस्सा नाही का?

ती भरपाई जकातीची. जीएसटी आल्यावर मुंबईची जकात गेली. राज्याने त्याच वर्षी स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा वेगळा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरायचं, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ द्यायची आणि रक्कम महिन्याला आगाऊ द्यायची, असं गणित. जुलै २०१७ चा पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता.

याचा अर्थ नीट समजून घ्या. मुंबईत पर्यटक दुप्पट झाले म्हणून ही रक्कम एक रुपयाने वाढत नाही. पर्यटक निम्मे झाले तरी कमी होत नाही. पर्यटन वाढलं की पालिकेचा कचरा वाढतो, पाणी वाढतं, फेरीवाल्यांचे प्रश्न वाढतात. उत्पन्न मात्र जवळपास तिथेच. आमच्या मते मूळ दुखणं हे आहे. ‘पर्यटन कर कुठे गेला’ ही तक्रार पालिकेच्या दारात चुकीच्या पत्त्यावर पोहोचते.

पालिका उद्या ठराव करून ‘प्रति रात्र १०० रुपये’ असा कर लावू शकते का?

नुसत्या ठरावाने नाही. संविधानाचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही, आणि कलम २४३एक्स प्रमाणे पालिकेला कराचा अधिकार राज्याचं विधिमंडळ देतं. मुंबईसाठी तो कायदा म्हणजे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८.

आता राज्य तरी असा अधिकार देऊ शकतं का, इथे खरी गाठ आहे. राज्यसूचीतल्या (राज्यांच्या अधिकारातल्या विषयांची घटनेतली यादी) ६२ व्या नोंदीत पूर्वी ‘चैनीच्या बाबींवरील कर’ होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने तो काढला. आता त्या नोंदीत उरलाय तो करमणुकीवरचा कर, तोही पंचायत किंवा पालिका लावेल आणि वसूल करेल तेवढाच. त्यामुळे जुना लक्झरी टॅक्स नाव बदलून परत आणायला घटनेत जागा राहिलेली नाही.

उरतात ते शुल्काचे मार्ग. शुल्काचं तत्त्व वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की कराच्या बदल्यात सेवा द्यायची सक्ती नाही, पण शुल्काच्या बदल्यात सेवा दिसली पाहिजे. नंतरच्या निकालांनी ही अट थोडी सैल केली, रुपयाला रुपया जुळवायची गरज नाही, तरी ढोबळ संबंध दाखवावाच लागतो. कचरा उचलण्याचं शुल्क घेऊन उड्डाणपूल बांधला, तर न्यायालयात टिकणं कठीण.

हॉटेलच्या बिलावरचा ‘सर्व्हिस चार्ज’ सरकारला जातो का?

एक पैसाही नाही. तो हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या.

ऑनलाइन बुक होणाऱ्या घरगुती खोल्या कराच्या बाहेर आहेत का?

नाहीत. महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये. त्याखालचा यजमान नोंदणीकृत नसेल तर बुकिंग घेणाऱ्या ऑनलाइन कंपनीने स्वतः कर भरायचा असतो. तोही वरच्याच वाटेने केंद्राकडे आणि राज्याकडे जातो.

मग माथेरान, महाबळेश्वर, घारापुरीला पावती कशी फाडतात?

तिथे कायदे वेगळे आणि कराचा प्रकारही वेगळा. तिथे प्रवासी कर लागतो तो गावात येणाऱ्यावर. रात्री खोली घेतली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथे नगरपरिषदा आहेत आणि त्यांना १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू. त्यातलं कलम १०५ सक्तीच्या करांचं, कलम १०८ ऐच्छिक करांचं. असा कर लावायचा तर सभेत ठराव, नियमांचा मसुदा, तो जाहीर करून हरकती मागवणं, शासनाची मंजुरी आणि मग अंमलाची तारीख जाहीर करणं, एवढा प्रवास असतो. एक पायरी चुकली की वसुलीला आव्हान मिळतं. बहुतेक वेळा चुकते ती हरकतींची पायरी. नोटीस लागते, हरकती येतात, पण त्यांवर काय निर्णय घेतला ते इतिवृत्तात लिहिलेलंच नसतं.

घारापुरी मुंबईकरांना जवळची. गेटवेवरून लाँचने जाता, उतरता, धक्क्यावरून पुढे गेल्यावर ग्रामपंचायतीची छोटी पावती मिळते. पुढे लेण्यांच्या दारात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं वेगळं तिकीट. लाँचचं भाडं आणखी वेगळं. तीन ठिकाणी पैसे दिले म्हणून पर्यटक ग्रामपंचायतीवर चिडतो, पण तिच्या हातात येते त्यातली सगळ्यात लहान रक्कम. आणि गाव रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. मुंबई महापालिकेचा तिथे काही संबंध नाही.

प्रवासी कराचा पैसा फक्त पर्यटकांच्या सोयींवरच खर्चायचा असं बंधन आहे का?

नियमात किंवा मंजुरीच्या आदेशात तसं लिहिलं असेल तरच. नसेल तर तो नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीत किंवा ग्रामनिधीत जमा होतो आणि कायद्याने सोपवलेल्या कुठल्याही कामाला लागू शकतो. नगरपरिषदेची कामं कलम ४९ मध्ये आहेत: पाणी, गटारं, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक, उद्यानं, विश्रामगृहं वगैरे ऐच्छिक.

ग्रामपंचायतीला आणखी एक चौकट आहे. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. म्हणजे पर्यटकाच्या १०० रुपयांतले ३० आधीच ठरलेले. उरलेल्या ७० मध्ये सफाई, पाणी, दिवे आणि पगार. ‘एवढे पर्यटक येतात, एवढी पावती फाडतात, पैसे जातात कुठे?’ असं विचारताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

या पैशातून कर्मचाऱ्यांचे पगार दिले तर तो गैरव्यवहार का?

नाही. चार महिन्यांच्या हंगामात दिवसातून दोनदा रस्ता झाडणारा माणूस हीच पर्यटकांची सोय आहे. गैर होतं ते तेव्हा, जेव्हा ठरावात ‘शौचालय व पार्किंगसाठी’ म्हणून कर मंजूर करून घेतला आणि पैसे अध्यक्षांच्या दालनाच्या नूतनीकरणाला गेले.

मुंबई महापालिका स्वतःच्या पैशातून पर्यटनावर खर्च करू शकते का? संविधानात पर्यटन तर पालिकेचं कामच नाही म्हणतात.

बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत ‘पर्यटन’ हा शब्द खरंच नाही. पण बागा आणि मैदानं आहेत, सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबी आहेत, दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी आहेत. पर्यटनाचं नव्वद टक्के काम यातच येतं.

१८८८ च्या कायद्यात कलम ६१ बंधनकारक कामांचं. पालिकेच्या ताब्यातल्या सार्वजनिक स्मारकांची देखभाल त्यातच आहे. कलम ६३ ऐच्छिक कामांचं, आणि त्यातलं ‘क’ हे उपकलम किल्लीसारखं: सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय किंवा शिक्षण यांना उपकारक ठरेल असं कुठलंही काम. पर्यटनावरचे अनेक प्रस्ताव याच कलमाखाली जातात.

मात्र कलम पुरेसं नाही. कलम ११५ प्रमाणे चालू अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर आयुक्त पैसे देऊ शकत नाहीत. आणि अर्थसंकल्प एक नाही. ‘अ’ सर्वसाधारण, ‘ग’ पाणीपुरवठा व मलनिस्सारण, ‘ई’ शिक्षण असे भाग वेगळे आहेत. ‘ग’ मधले पैसे उचलून रोषणाईला लावता येत नाहीत.

साधं उदाहरण द्या. गेटवेजवळ नवं शौचालय बांधायचंय. पैसे मंजूर आहेत. अडतं कुठे?

इथे सविस्तर लिहितो, कारण खर्च न होण्याची बहुतेक कारणं या एकाच कामात सापडतात.

पहिली गोष्ट जमीन. गेटवे ऑफ इंडिया राज्य पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत, शेजारचा समुद्रकाठ आणि धक्का बंदर यंत्रणांचा, रस्ता पालिकेचा. ज्या जागेवर पालिकेची मालकी नाही तिथे ना-हरकत पत्राशिवाय विटेचाही खर्च केला तर लेखापरीक्षक आक्षेप घेतो, आणि तो बरोबर असतो. पत्र मागितल्यापासून मिळेपर्यंत एखादं आर्थिक वर्ष सहज निघून जातं.

दुसरी, वारसा परिसर. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला ५२ वा नियम आणि वारसा संवर्धन समिती. इमारतीची उंची, रंग, छप्पर, टाकी कुठून दिसते, सगळं पाहिलं जातं. समुद्राला लागून असल्याने सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) परवानगी वेगळी.

तिसरी, मलवाहिनी. नकाशावर ती असते, पण किती खोल आहे ते खोदल्यावर कळतं. शौचालयाचा मजला तिच्यापेक्षा पुरेसा वर नसेल तर उतार मिळत नाही, पंप बसवावा लागतो, आणि पंप म्हटला की वीजबिल आणि दुरुस्ती आली. अंदाजपत्रकात हे नसतं, म्हणून काम अर्ध्यावर सुधारित मंजुरीला जातं.

मग नेहमीची साखळी: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, स्थायी समिती, कार्यादेश. निविदा डिसेंबरमध्ये निघाली तर कार्यादेश फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते. पुढच्या वर्षी तीच रक्कम पुन्हा मागावी लागते.

आणि सगळ्यात जास्त फसतं ते शेवटी. बांधकाम हा भांडवली खर्च, चालवणं हा महसुली. पहिल्याला अनुदान मिळतं, दुसऱ्याला कुणी देत नाही. तीन पाळ्यांत सफाई कामगार, पाणी, साबण, वीज, दरवाज्यांच्या कड्या. मंजुरीच्याच वेळी किमान पाच वर्षांच्या देखभालीचं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) आणि रक्कम ठरवून घेतली नाही, तर फीत कापल्यावर वर्षभरात कुलूप लागतं. नगरसेवकांना आम्ही हेच सांगतो: आधी देखभालीचा आकडा विचारा, बांधकामाचा नंतर.

जाहिरात, उत्सव, रोषणाई यांवर पालिकेचा पैसा चालतो का?

सोयीशी संबंध दाखवता आला तर चालतो. गणपती विसर्जनाला कृत्रिम तलाव, दिवे, जीवरक्षक हा सरळ पालिकेचा खर्च. मुंबईची जाहिरात करणं, महोत्सव भरवणं हे राज्याच्या पर्यटन संचालनालयाचं काम. जानेवारी २०२४ चा मुंबई फेस्टिव्हल त्यांचाच होता. दिव्यांच्या खांबांना गुंडाळलेल्या रंगीत माळा मात्र आम्हाला कधीच पटल्या नाहीत. पहिल्या पावसात निम्म्या बंद पडतात आणि दुरुस्तीचं कंत्राट उरतं.

राणीच्या बागेचं किंवा मलबार हिलच्या निसर्ग उन्नत मार्गाचं तिकीट त्या जागेवरच खर्च होतं का?

तसं कायद्याचं बंधन नाही. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या मलबार हिलच्या मार्गाला भारतीयांना २५ आणि परदेशी पर्यटकांना १०० रुपये असं तिकीट ठेवलं गेलं. हे उत्पन्न पालिका निधीत जातं आणि खर्च वेगळ्या शीर्षातून होतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे तर अर्थसंकल्पाच्या दोन वेगळ्या पुस्तिका उघडाव्या लागतात.

राज्याचे, केंद्राचे पर्यटनाचे पैसे मुंबईत येतात का?

येतात, अनुदान म्हणून. जिल्हा नियोजन समितीच्या जिल्हा वार्षिक योजनेतून, मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. शिवाय राज्याची प्रादेशिक पर्यटन विकास योजना. खर्चाच्या बाबतीत हा सगळ्यात बांधलेला पैसा. ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर, त्याच जागेवर. उरला तर परत. केंद्राच्या अनुदानात आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, द्यावं लागतं. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो.

परदेशात हा कर कसा खर्चतात?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. तिथे शहरं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) मुक्कामावर कर घेतात आणि तो कशावर खर्चायचा ते कायद्यातच लिहिलंय: पर्यटनाची जाहिरात, पर्यटक आणणारे उत्सव, आणि पर्यटनाशी संबंधित सार्वजनिक सुविधा बांधणं व चालवणं. बिगर-नफा संस्थेच्या इमारतीला चालवण्याचा खर्च देता येतो, बांधण्याचा नाही.

५,००० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात किमान पाच जणांची सल्लागार समिती. निदान दोन सदस्य हॉटेल व्यवसायातले, निदान दोन त्या पैशातून काम करणाऱ्या संस्थांचे, आणि अध्यक्षपदी निवडून आलेला लोकप्रतिनिधी. कर वाढवायचा किंवा वापर बदलायचा तर प्रस्ताव ४५ दिवस आधी समितीपुढे. पैसे मागणाऱ्याने किती लोक येतील याचा अंदाज द्यायचा: किती जण भाड्याच्या खोलीत राहतील, किती ५० मैलांहून, म्हणजे साधारण ८० किलोमीटरहून लांबून येतील, किती परराज्यातून वा परदेशातून. कार्यक्रम झाल्यावर प्रत्यक्ष आकडा कळवायचा.

हा कर इथे तसाच आणता येणार नाही, कारण घटनेची अडचण वर सांगितली. पण शेवटची अट आणायला कुठलीही घटनादुरुस्ती लागत नाही. अनुदान देताना आधीचा अंदाज आणि नंतरचा आकडा मागणं जिल्हा नियोजन समितीला आजही शक्य आहे.

माझ्या भागात पर्यटनावर किती खर्च झाला हे कसं काढायचं?

आधी संकेतस्थळावरचा अर्थसंकल्प पाहा. ‘पर्यटन’ शोधून फारसं हाती लागत नाही. उद्यान, वारसा जतन, घनकचरा, पूल-रस्ते यांच्या शीर्षांत शोधा आणि तीन रकाने वाचा: मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. मूळ आणि प्रत्यक्ष यांत मोठी दरी असेल तर काम वर सांगितलेल्या कुठल्या तरी पायरीवर अडलंय.

मग माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. ‘पर्यटन कराचा हिशेब द्या’ असं लिहू नका. असा करच नाही, एका ओळीत उत्तर येईल. असं लिहा:

“अमुक विभागातील अमुक कामाचे लेखाशीर्ष, मागील तीन आर्थिक वर्षांतील मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च, प्रशासकीय मंजुरीची व कार्यादेशाची प्रत, देखभालीसाठी निश्चित केलेले लेखाशीर्ष व रक्कम, आणि अनुदान असल्यास सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत द्यावी.”

नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत असेल तर यात दोन ओळी वाढवा: प्रवासी कर मंजूर करणाऱ्या ठरावाची व शासन मंजुरीची प्रत, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या ताज्या अहवालातले त्या करासंबंधीचे आक्षेप.